दारव्हेकर मास्तर आपल्याच नागपूरचे

भाऊ, 'मालिकेतले नट दिग्दर्शक झाले की एका सिनेमात दम निघतो' हे तुमचं म्हणणं सुबोध भावेंना लागू पडत नाही. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा, पण हात कोरा नव्हता. गायक राहुल देशपांडेंसोबत तेच संगीत नाटक त्यांनी आधी रंगमंचावर आणलं होतं. आणि मूळ १९६७चं नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या मास्तरांचं! इकडच्याच पुष्कळांना हे ठाऊक नसते बाप्पा.

आमच्या गडचिरोलीतल्या वडशाकडे दिवाळी झाली की झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा सीझन लागतो. मंडपात रात्रभर नाटक, गाणं रंगलं की वन्समोर. मी त्याच कानांनी 'कट्यार' पाहिला, तोही गाडीने चंद्रपूर गाठून. गाण्याला घाई न करता जागा दिली, तिथंच मला दिग्दर्शक दिसला.

भावेंनी मालिका सोडली म्हणता, तर तेही नाही. २०१८ला 'तुला पाहते रे'मध्ये होतेच की. आमची आई जेवण मागं ठेवून बघायची. त्यांनीच दिग्दर्शित केलेला २०२५चा 'संगीत मानापमान' सिनेमा मात्र मला तेवढा भिडला नाही.