गिरणगावात चालायचं कुठे आणि ताजी भाजी घ्यायची कुठे?

गिरणगावकर:
डॉक्टर सांगतात, चाला आणि भाज्या खा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण लालबाग-परळच्या चाळीतल्या माणसाने चालायचं कुठे? मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कापड गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी होता. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आपली मैदानं तिथे गेली. म्हणून आरोग्याचं काम वॉर्डाच्या आराखड्यापासून सुरू व्हावं असं मला ठाम वाटतं: सलग फुटपाथ, संध्याकाळी सगळ्यांना खुली शाळांची मैदानं, आणि स्टेशन ते घर या वाटेवर भाजीवाल्यांना हक्काची जागा.

तालीमवाला:
अजिबात पटलं नाही. गिरणीत पाळी करून आलेली माणसं तालमीत जोर काढायची, कबड्डी खेळायची. तेव्हा कुठे आराखडे होते? इच्छा हवी.

गिरणगावकर:
इच्छा होतीच, पण कबड्डीला अंगणही होतं ना! त्याच जागेवर आज टॉवर आहे, बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर आहे आणि गेटवर वॉचमन आहे. चाळीतल्या पोराने इच्छा घेऊन जायचं कुठे?

दादरवासी:
मैदानांचं मान्य. भाजीवाल्यांचं मुळीच नाही. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन निघतात आणि टोपल्या चुकवत भर रस्त्यात उतरतात. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. पालिकेच्या मंडया आहेत, तिथे बसवा.

कसारा_फास्ट:
ताई, मंडईत वाट वाकडी करून जाणार कोण? आम्ही बायका लोकलमध्येच गवार मोडतो, मेथी निवडतो, कारण घरी पोचल्यावर वेळच नसतो. वाटेत भाजी मिळाली नाही, तर त्या रात्री पोरांच्या ताटात मॅगी येते. २०१४ च्या फेरीवाला कायद्यातही जिथे बाजार आपसूक वर्षानुवर्षं भरतो, ती जागा विचारात घ्यायला सांगितलंय.

आणि वाट फक्त टोपल्यांनी अडते का? रस्त्याच्या दोन्ही कडांना दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांचं काय? १५० मीटरच्या पलीकडे एका बाजूचं पार्किंग काढा, पट्टे आखा, भाजी तिथे बसू दे. फुटपाथ आजींना मोकळा.

दादरवासी:
हे चालेल, पण संध्याकाळी ५ ते ९ एवढंच, आणि टोपली पट्ट्याबाहेर आली तर दंड. वडापावची गाडी मात्र नको. आरोग्यासाठी म्हणून जागा मागायची आणि तिथे कढई लावायची, हे मला मंजूर नाही.

कसारा_फास्ट:
कढई नको, मान्य. नाचणीची भाकरी आणि उसळ विकणाऱ्या बचत गटाला त्यातला एक पट्टा द्याल का?

दादरवासी:
देईन. कचरा त्यांनीच उचलायचा.