'ब्योमकेश बक्षी'तला ग्रामोफोन पिनचा खून: खरंच जमेल का? (रहस्यभेद आहे)

कुंपणावरचा
बासू चटर्जींच्या गुप्तहेर ब्योमकेशवरच्या दूरदर्शन मालिकेतला 'रास्ते का काँटा' हा भाग. सायकलवाला समोरून येतो, घंटी वाजवतो, घंटीतल्या स्प्रिंगने ग्रामोफोनची पिन सुटते आणि थेट काळजात. माणूस जागेवर गार. बघायला झकास आहे, पण स्प्रिंग किती दमदार लागेल?

दट्ट्या
नुसत्या दमाने भागणार नाही. पोलादी पिन साधारण १६ मिमी लांब, दीड मिमी जाड, म्हणजे वजन ०.२ ग्रॅमच्या आसपास. ती ढकलायला मध्ये दट्ट्या हवा. तो ५ ग्रॅमचा धरू. अर्धा ज्यूल साठवणारी स्प्रिंग घेतली (२ सेंमी दाबायला सरासरी अडीच किलोचा जोर), तर सुटल्यावर दट्ट्या आणि पिन दोघांनाही सेकंदाला जेमतेम १४ मीटर वेग येतो. त्यात पिनच्या वाट्याला ०.०२ ज्यूल. उरलेले ९६ टक्के दट्ट्याकडे, आणि तो घंटीतच आपटून थांबतो. स्प्रिंग दुप्पट केलीत तरी वाटणी तीच.

हृदय छातीच्या कातडीपासून साधारण ३ सेंमी आत. म्हणजे अख्खी पिन शिरून पुन्हा जवळपास तेवढीच आत जायला हवी. ही सदऱ्यात अडकेल, फार तर टोचेल.

चेनकव्हर
जुनी घंटी एकदा उघडून बघा. वाटीखाली अंगठ्याची दांडी, दातेरी चाकं, फिरत्या पट्टीवर सुट्या चकत्या. बोट घालायला जागा नाही. नळी बसवायची तर हे सगळं काढा, मग ट्रिंग ट्रिंग कोण करणार? आणि कटाचा अर्धा भार तर त्या आवाजावर आहे.

नेमाचं तर विचारूच नका. घंटी जमिनीपासून मीटरभर, उभ्या माणसाचं हृदय सव्वा मीटरच्या वर. १४ च्या वेगाने आडवी सोडलेली पिन ३ मीटरवर पोचेपर्यंत २२ सेंमी खाली येते. खून राहिला बाजूला, मांडीला टोचणी! त्यातून पिनला शेपूट नाही, वाटेत गिरक्या घेणार.

तबकडी७८
गणित मान्य. पण पिनच का, हे बघा. पोलादी पिन तबकडीच्या एका बाजूपुरती वापरायची आणि फेकायची. हिज मास्टर्स व्हॉइसच्या डबीत २०० यायच्या. फोनो असलेल्या प्रत्येक घरात पिना, मग माग काढणार कुणाचा?

बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या मूळ कथेचा (१९३२) खरा कणा घंटी नाहीच, जाहिरात आहे. वाटेतला काटा काढायचाय? शनिवारी साडेपाचला (कलकत्त्यातल्या) व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबावर हात ठेवून उभे राहा. गिऱ्हाईकाला मारेकरी कोण हे कळतच नाही. आणि खुनाच्या वेळी गिऱ्हाईक, म्हणजे मेलेल्याचा वारस, दूर घरी बसलेला, निर्धास्त. (हेच शरदिंदू पुढे बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि नंतर पुण्यात स्थायिक झाले.)

कुंपणावरचा
मग कथेत ब्योमकेश छातीला चिनीमातीची बशी बांधतो, ती फुकटच म्हणायची?

दट्ट्या
माझ्या आकड्यांनी बघितलं तर जाड बनियनही पुरलं असतं. पण पिन लेखकाने ठरवलेल्या वेगाने आली, तर बशी योग्यच. कापडाचे धागे टोकापुढे बाजूला सरतात. चिनीमाती सरत नाही, टोकच बोथट होतं. बशी तडकली तरी तडकण्यात पिनचा जोर खर्च होतो. फक्त बरोब्बर हृदयावर बांधायला हवी, चार बोटं सरकली की संपलं.