पक्ष मुंबईत, मत वाडीत
ग्रामपंचायतीला गाव भरभरून मतदान करतं म्हणजे तिथे पक्षनिष्ठा पक्की, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. कपबशी, शिट्टी असली मुक्त चिन्हं असतात. नंतर पेपरात येणारे 'अमक्या पक्षाच्या इतक्या ग्रामपंचायती' हे आकडे ज्याच्या त्याच्या दाव्याचे.

आमच्या कोकणातल्या वाडीत मागच्या खेपेला चाकरमान्यांची अख्खी बस मुंबईहून रातोरात आली, भाडं पॅनेलचं, म्हणजे एकत्र लढणाऱ्या गावातल्या उमेदवारांच्या गटाचं. चुलतभाऊ तिकडे एका पक्षाचा झेंडा नाचवतो, इथे मत दिलं विरोधी पक्षातल्या भावकीला. का, तर घराकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, त्या उमेदवाराच्या आवारातून जाते! प्रभागात मतं दोनेकशे, म्हणून एकेक मत मोलाचं; समसमान झाली तर चिठ्ठी टाकून निकाल. लोकसभेला मात्र यातलं कुणी फिरकलं नाही.