चर्चा: शेतकरी कर्जात जातो तो भावामुळं की हौसेमुळं?

सीनाकाठ: "लग्नात उधळता, बुलेट घेता, मग कर्ज होणारच," असं शहरातले पाहुणे दर सुट्टीत ऐकवून जातात. त्यांना फेब्रुवारी 2023 मधली सोलापूर बाजार समितीतली विक्रीची पट्टी दाखवा. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा 512 किलो कांदा, भाव किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. यात बुलेट कुठं बसते? भाव चढायला लागला की मात्र दिल्लीला लगेच जाग येते. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ बंदी.

सांगोलेकर: भावाचं खरंय, पण अर्धंच. आमच्याकडं माणसं बुडाली ती पाण्यापायी आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगापायी. बाग वाळायला लागली की बोअर. पहिला पाचशे फुटांवर फेल गेला की पाणाड्या तळहातावर नारळ धरून दुसरी जागा दाखवतो. पीककर्ज बोअरला मिळत नाही, म्हणून पैसा सावकाराचा, शेकडा तीन-चार रुपये महिन्यानं. आणि उजनी धरणाच्या भरवशावर ज्वारीच्या रानात ऊस घाला म्हणून कुणी सांगितलं होतं?

सीनाकाठ: ज्वारी काढायला माणूस मिळतो का ते आधी सांगा. ऊस निदान कारखाना तोडून नेतो. बिल 14 दिवसांत द्यायचं, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. मिळतं कधी ते विचारू नका.

माजी गटसचिव: पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत नोकरी केली म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही मार्चअखेरची कर्जफेड विसरलात. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य. कागदावर झकास. पण उसाचं बिल अडकलेलं, तुरीला भाव नाही, मग मुद्दल आणायची कुठून? सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवी उचल मिळाली की त्याचे परत. याला नवं-जुनं म्हणतात. उचल लांबली की सावकाराचं मीटर पडत राहतं. बिनव्याजी कर्ज टिकवायला व्याजाचा पैसा! हे वसुलीला येणाऱ्या साहेबांनाही पाठ असतं.

बार्शीकर: मग आम्ही येडे ठरलो म्हणायचं. बायकोचं गंठण मोडून दरवर्षी वेळेत भरलं. 2019 च्या कर्जमुक्ती योजनेत थकवणाऱ्याला 2 लाखांपर्यंत माफी, नियमित भरणाऱ्याला 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन. पुढच्या खेपेला कोण भरेल?

निमवाटा: माफी, शून्य टक्के, सगळं सातबारावाल्यांचं चाललंय. मी दुसऱ्याचं रान वाट्यानं करतो. सोसायटी दारात उभी करत नाही, म्हणून बायकोच्या नावानं फायनान्स कंपनीचं कर्ज, दर आठवड्याला हप्ता. सप्टेंबर 2025 ला सीनेचं पाणी रानात शिरलं. मदत मालकाच्या खात्यावर, मालक पुण्यात.

बार्शीकर: पंचनाम्याला तलाठ्यापुढं बोलला नाहीस?

निमवाटा: बोललो की. करारपत्र आण म्हणाले. मालक लिहून देतोय होय? उद्या कूळ लागंल, रानावर हक्क सांगंल म्हणून अकरा महिन्यांचासुद्धा कागद करत नाही तो.