तुल्पा, मुंजा आणि फुकटचे सल्ले

तिठ्यावरचा
परवा रत्नागिरीच्या एका पोराने विचारलेला प्रश्न आणि त्याखालची उत्तरं वाचून डोकं उठलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. पोरगा कॉलेजातला, खोली घेऊन राहतो, तुल्पा, म्हणजे मनाने घडवलेला आणि स्वतःहून बोलणारा सोबती, करायला बसलाय. रात्री फोर्सिंग करतो, म्हणजे ध्यान लावून तिला घडवत बसतो. शंका साध्या आहेत. ती बोलते की मीच तिच्या तोंडून बोलतोय? डोकं जड होतं ते बरं का? उद्या नको झाली तर जाईल का? आणि मी वेडा तर होणार नाही ना? यावर आपले विद्वान काय सांगतात? एक म्हणतो, अंगात शिरेल, मग उतरवायला दारोदार फिरशील. दुसऱ्याने तिबेटवाल्या बाईची अर्धीच गोष्ट सांगून त्याची झोप उडवली. तिसरा म्हणतो, बिनधास्त कर, जन्मात एकटेपणा उरणार नाही.

ती गोष्ट पूर्ण ऐका. अलेक्झांड्रा दाविद-नील, १९२४ साली वेषांतर करून ल्हासात पोचलेली फ्रेंच बाई. एकांतात बसून काही महिन्यांत तिने एक ठेंगणा, गुबगुबीत, हसरा लामा मनाने उभा केला. पुढे तो न बोलावता दिसायला लागला, रोडावला, चेहरा दुष्ट झाला, आणि त्याला घालवायला तिला सहा महिने झगडावं लागलं. लोक इथे थांबतात. हा माझाच भास असू शकतो, असंही ती लिहून गेली आहे, ते कोणी सांगत नाही. लामाने तिचं काही वाकडं केलं नाही. बाई १९६९ साली गेली, वयाची शंभरी पार करून.

आणि पोर करतंय ते काही मठातलं तंत्र नव्हे. बेझंट-लेडबीटर या थिऑसॉफी नावाच्या गूढवादी पंथातल्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला 'विचाररूपं' मांडली. त्याचीच ही दूरची नातवंडं. २०१२च्या सुमारास कार्टूनमधल्या घोड्यांचे चाहते यात उतरले आणि आजचं रूप आलं. त्यात भूत कुठून आलं?

पोरा, पॅरटिंगची, म्हणजे आपणच तिच्या तोंडून बोलतोय याची, धास्ती सोड. सुरुवातीला तूच बोलणार, दुसरं कोण आहे तिथे? डोकं जड होतं कारण तू जागतोस. आणि नको झाली तर लक्ष देणं बंद कर. ज्याला वेळ मिळत नाही ते विरतं.

सुरंगी
किती सोपं करून टाकलंत! "लक्ष देणं बंद कर." माझ्या भावाला हे सांगायला हवं होतं.

तो त्या पोराच्याच वयाचा होता. त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं, आवाज आपसूक यायला लागले. आधी चांगले बोलायचे, म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा घरच्यांनी नारळ फोडले, भगत झाले, कोणीतरी मागच्या आंब्यावरचा मुंजा काढला. मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचेपर्यंत त्याचं कॉलेज सुटलं होतं. आज गोळ्या घेतो, नोकरी करतो, ठीक आहे. पण मधली वर्षं गेली ती गेली.

तुम्ही भूतवाल्यांवर चिडलात ते बरोबर. पण पुरुषांत स्किझोफ्रेनिया बहुधा कधी डोकं वर काढतो? विशीच्या आगेमागे. आणि तुल्पा करायला कोण बसतं? तीच पोरं. तुल्पाने आजार होतो असं मी म्हणतच नाही. पण आजार सुरू झाला तर हा "माझी तुल्पा बोलायला लागली" म्हणून खूश होईल आणि तुम्ही सगळे त्याचं अभिनंदन कराल. माझी भीती ही आहे.

तिठ्यावरचा
मॅकगिल विद्यापीठातल्या सॅम्युअल व्हेसिएरने या लोकांचा अभ्यास केला आहे. बहुतेक शहरी, मध्यमवर्गीय, लाजरेबुजरे तरुण. त्यांचं म्हणणं, तुल्पा आल्यापासून बरं वाटतं. कोणी पिसाटलं नाही.

सुरंगी
"त्यांचं म्हणणं." स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा. ज्यांचं बिघडलं ते प्रश्नावली भरायला बसतील का?

पेटारा
मी दशावतारात काम करतो. पॅरटिंगच्या शंकेवर मला बोलू द्या, बाकी तुमचं चालू द्या.

आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरतं, रंग लावता लावता कोण काय करणार ते बोलून घेतो, की झालं. राजपार्टीत उभा राहिलो, समोरून राक्षस काहीतरी अनपेक्षित बोलला, तर उत्तर मी जुळवत बसत नाही. ते येतं. कधी इतकं ठसक्यात येतं की मीच चकित होतो. बोललं कोण? मीच. दुसरं कोणी नाही. पण "मीच" म्हणजे दर वेळी मुद्दाम ठरवून बोलणारा मी, असं थोडंच आहे? मालक नवीन पोराला सांगतात, बोलत राहा, विचार करत थांबलास तर मेलास. या मुलालाही तेच सांगेन.

फक्त आमच्याकडे पहाटे दहीकाला होतो, खेळ संपतो. मुकुट पेटाऱ्यात जातो. मग चहा, आणि मिळेल त्या गाडीने पुढचं गाव. याचा खेळ संपतो कधी?

सुरंगी
पेटाराभाऊ, इतक्या उत्तरांत कामाचा प्रश्न तुम्हीच विचारलात.

किनारपट्टी
मी ठाण्यात असतो, गाव वेंगुर्ल्याजवळ. मला एक कळत नाही, एवढा गहजब कशाला? आपण कोकणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतोय. राखणदार म्हणजे काय? अख्ख्या गावाने मिळून केलेली तुल्पाच की! आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, तो रात्री गावभर फिरून त्या झिजवतो म्हणतात. किती बारकाईने उभा केलेला सोबती आहे बघा. चाल आहे, पायाचं माप आहे, केळ्यांची आवड आहे.

गाववालो
ठाण्यात बसान वेतोबाक कल्पना म्हणतंस? आरवलीत येवन बोल. तुका देव व्हयो कधी, तर गणपतीत पाच दिवस. बाकीचे दिवस घराक कुलूप. माझ्या वाडीत अशी कितीतरी घरां आसत. कौलां फुटली, पडवीत वाळवी लागली. आणि राखणदार तुमच्यासाठी 'तुल्पा'! वर्षाची राखण कोण देता? कोंबो कोण आणता? आम्ही. तुम्ही फोनार विचारतास, "झाली काय रे राखण?"

किनारपट्टी
कोंबड्याचे पैसे कोण पाठवतं तेही सांगा ना. देवळाचा पत्रा, सभामंडपाची फरशी, माईक, सगळं मुंबईच्या वर्गणीतून. हिशोब मागितला की "चाकरमान्यांनी शिकवू नये". आणि कल्पना म्हटलं म्हणजे अपमान केला असं नाही. माझी आजी एकटी राहायची, संध्याकाळी दिवा लावून राखणदाराशी मोठ्याने बोलायची. आज काय रांधलं, कोण येऊन गेलं. तिला कोणी वेडी म्हटलं नाही.

गाववालो
आजी एकटी ऱ्हवायची. कित्याक? ह्या पण लिव मरे.

किनारपट्टी
हे फार झालं. माझ्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक? वडील गिरणीत होते. तिला नेली होती, महिनाभरात परत आली. खोलीत जीव गुदमरतो म्हणाली.

हापूसवाला
विषय चाललाच आहे राखणीचा म्हणून विचारतो, ही तुल्पा बागेत बसवता येते का? वानर आणि माकडं यांनी यंदा मोहोरापासून छळ मांडलाय. फटाके झाले, कुत्रा झाला, बुजगावणं झालं. माणूस ठेवायचा तर रोज परवडत नाही. एखादी इम्पोझिशन झालेली, डोळ्यांना दिसणारी तुल्पा असेल तर कळवा, मजुरी देईन.

तिठ्यावरचा
हापूसवाले, ती फक्त करणाऱ्याला दिसते. माकडांना स्वतःची स्वतः करावी लागेल.

गाववालो आणि किनारपट्टी, तुमचं भांडण जुनं आहे आणि माझ्या धाग्याहून लांब झालंय. पण त्यातून एक बरं निघालं. राखणदाराला गाऱ्हाणं घालताना चार माणसं "व्हय महाराजा" म्हणायला उभी असतात. कौल लावायचा तोही सगळ्यांसमक्ष. एकट्याने खोलीत दार लावून कोणी कौल घेत नाही. म्हणून किनारपट्टीची उपमा मला पटत नाही. गावाचा तो गावाचा, खोलीतली ती एकट्याची.

सुरंगी
आता तुम्ही माझ्या बाजूने बोलायला लागलात, सावध राहा.

तान्या लुहरमन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईने कॅलिफोर्नियातलं सॅन मॅटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी त्यांच्या आवाजांबद्दल बोलून पाहिलं. अमेरिकेतल्यांचे आवाज बरेचदा हिंसक, परके. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज यायचे, घरकाम कर म्हणून दटावणारे. भावाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण त्याच्या डोक्यातही आमची मावशीच ओरडायची. आवाज कसा वागतो हे भोवतालावरही ठरतं, एवढं मी मान्य करते. म्हणून तर म्हणते, ज्या पोराला पहिल्याच दिवशी दहा जणांनी "अंगात शिरेल" सांगितलं, त्याची तुल्पा कशी निघेल? तिठ्यावरच्यांचा मूळ राग इथे बरोबर आहे. घ्या, दिलं एवढं. जास्त मागू नका.

गाववालो
हां, पण मुंजाक खोटो म्हणू नकात.

सुरंगी
मुंज्याने माझ्या भावाची तीन वर्षं खाल्ली, दादा. खरा असेल तर त्याने भरून द्यावीत.

पेटारा
गाववालो, आता गप्प बसा.

तिठ्यावरचा
बरं. सुरंगीताईंसमोर मी काही पुरा हरलेलो नाही. लहानपणी काल्पनिक सोबती असणं किती सर्रास आहे बघा. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या साधारण ६५ टक्के मुलांना कधी ना कधी तो होता. कल्पनेशी बोलणं म्हणजे आजार नव्हे. पण मोठेपणी, एकट्याने, रात्री जागून करायचं तर काही बंधनं हवीत, हे ताईंनी माझ्याकडून वदवून घेतलंच आहे. तर पोरा, रात्री बारानंतर फोर्सिंग बंद. स्विचिंगच्या, म्हणजे आपलं शरीर तिच्या ताब्यात द्यायच्या, भानगडीत आत्ता पडू नकोस, नवशिक्यांना त्याची फार घाई असते. घरात कोणाला असा आजार असेल तर हा नादच नको. एका तरी जित्याजागत्या माणसाला सांगून ठेव. आणि ती धमकवायला लागली, तुला इजा करायला सांगायला लागली, किंवा तिच्यापायी लोकांत जाणं सुटलं, तर इथे विचारत बसू नकोस. टेली-मानसचा १४४१६ फिरव, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर सरळ डॉक्टर गाठ.

सुरंगी
"धमकवायला लागली तर" नाही. माझ्या भावाचे आवाज आधी गोड होते. न बोलावता यायला लागली, थांब म्हटल्यावर थांबेना, तर तेव्हाच. गोड बोलत असली तरी.

तिठ्यावरचा
घाला तेही. आता धागा तुम्हीच चालवा.

रत्नांग्रीचा_पोरगा
तो पोरगा मीच. सगळं वाचलं. घरात कोणाला तसा आजार नाही, आईला विचारलं. ती म्हणाली, असं का विचारतोस, मग तिलाही सांगावं लागलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली जेवलास का. थांब म्हटलं की थांबते अजून. पेटाराकाका, तुमचं पटलं, झोपायच्या आधी तिला "आता उद्या" म्हणून दार लावतो.

रूमपार्टनरलाही सांगितलं. तो म्हणाला, मग भाडं तिघांत वाटू या.

किनारपट्टी
हुशार आहे पार्टनर. गाववालो, फरशीचा हिशोब अजून आलेला नाही.

गाववालो
गणपतीत ये, वही दाखवतंय. पावती पण हाड, म्हणजे समजात किती दिलंस ता.