अमेरिकन कामगार महाग का पडतो?

ओहायोकर

मागच्या शनिवारी शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर गप्पा मारत उभा होतो. साठी उलटलेला माणूस. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं काढली आणि मग कारखानाच मेक्सिकोला गेला. शेवटी त्याला तासाला २० डॉलर मिळत होते. म्हणाला, "आम्ही महाग झालो म्हणे. २० डॉलरात कसली महागाई?" मी गप्प बसलो. मी ज्या कंपनीत आहे तिथलं निम्मं काम पुण्यात होतं आणि ते त्याला माहीत आहे.

घरी येऊन आजच्या भावाने हिशोब मांडला. तासाला २० म्हणजे वर्षाच्या २,०८० तासांचे ४१,६०० डॉलर. त्यावर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचा मालकाचा वाटा ७.६५ टक्के, म्हणजे तासाला दीड डॉलर. मग आरोग्यविमा. केएफएफ ही संस्था दरवर्षी मालकांची पाहणी करते. त्यांच्या २०२४ च्या आकड्यांत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर आहे. त्यातले ६,२९६ कामगाराच्या पगारातून कापले जातात, उरलेले १९,२७६ मालक भरतो. तासावर पसरले तर सव्वानऊ डॉलर! रजा, अपघात विमा, बेकारी कर यांना हात लावण्याआधीच २० चा माणूस ३१ च्या घरात पोचला.

आणि हा हप्ता पगाराच्या प्रमाणात नसतो. व्हाइस प्रेसिडेंटच्या कुटुंबाला जो, जवळजवळ तोच यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या कुटुंबाला. म्हणजे पगार जितका कमी, तितका हा बोजा जड.

हे खूळ आलं कुठून? १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने पगारवाढ गोठवली. माणसं तर हवी होती, म्हणून मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, कारण तो गोठवण्यातून सुटला होता. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. युद्ध संपलं, सोय राहिली. बाकीच्या श्रीमंत देशांनी आजारपणाचा खर्च सगळ्यांच्या करांवर किंवा सामाईक विम्यावर टाकला, अमेरिकेने तो कारखान्याच्या फाटकावर नेऊन ठेवला.

म्हणून माझं म्हणणं असं की अमेरिकन कामगार मजुरीमुळे महाग नाही. केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर थिजलंय. तो महाग आहे ते त्याच्या हातात कधीच न पडणाऱ्या पैशामुळे. आउटसोर्सिंगचं मोठं कारण तेच. पटतंय का?

मिशिगनचे मामा

नाही पटत. तीस वर्षं ऑटो सप्लायरच्या खरेदी खात्यात घालवली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. विमा काढून टाका. ३१ चे झाले साडेएकवीस. समोर मेक्सिको कितीला आहे? २०१६ मध्ये इंडियानापोलिसचा कॅरियर या एसीवाल्या कंपनीचा कारखाना मेक्सिकोतल्या मॉन्तेरेला हलवण्याची घोषणा झाली, तेव्हा इकडे तासाला २० च्या वर आणि तिकडे ३ च्या आसपास, असे आकडे पेपरांत छापून येत होते. साडेएकवीस आणि तीन यांतली दरी कुठला विमा भरून काढणार?

आमच्या तक्त्यात विम्याची वेगळी ओळ नसायचीच. 'एकूण मजुरी दर' असा एकच आकडा, आणि वरून गाडीवाल्या कंपनीचा हुकूम की दरवर्षी भाव उतरवा. आज इतके टक्के, पुढच्या वर्षी आणखी इतके. पहिल्या वर्षी वाया जाणारा माल कमी केला, दुसऱ्या वर्षी एक पाळी कमी केली, तिसऱ्या वर्षी काय कमी करणार? गिऱ्हाईकच म्हणायचं, तुमचा मेक्सिकोचा प्लॅन दाखवा. १९९४ ला नाफ्टा (अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार) आल्यावर सीमेवरचा करही उतरत गेला, मग तर विचारूच नका.

आणि युनियनबद्दल एक शब्द नाही तुमच्या धाग्यात! १९८४ च्या करारापासून डेट्रॉइटच्या कंपन्यांत 'जॉब्स बँक' होती. काम नसलेल्या कामगाराला जवळपास ९५ टक्के पगार देऊन बसवून ठेवायचं. २००९ मध्ये कंपन्या दिवाळ्याच्या दारात पोचल्या तेव्हा कुठे ती बंद झाली. मी युनियनचा वैरी नाही, माझा मेहुणा युनियनवाला आहे. पण हे नजरेआड करून नुसतं विम्याला झोडपणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खवचट काकू

मामा, जॉब्स बँकेत बसून शब्दकोडी सोडवणाऱ्यांचे किस्से चविष्ट असतात. पण ओहायोतल्या यंग्जटाउनची पोलाद गिरणी बंद झाल्याची घोषणा झाली १९ सप्टेंबर १९७७ ला. पाच हजार माणसं घरी. तेव्हा जॉब्स बँकही नव्हती, नाफ्टाही नव्हता आणि चीन कुठे होता? मालकांनी वर्षानुवर्षं जुन्या भट्ट्यांत पैसा घातला नव्हता.

त्याच्याही आधी मॅसॅच्युसेट्सच्या कापड गिरण्या कॅरोलिनांत गेल्या होत्या, स्वस्त आणि बिनयुनियनचा मजूर शोधत. तेच कापड नंतर कॅरोलिनांतून आशियात गेलं. गिरणगावातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांतले माग बंद आणि भिवंडीचे चालू, हे आपण परदेशी न जाताच पाहिलंय.

अर्थेकर

धागालेखकाच्या हिशोबात एक मूलभूत चूक आहे. मालक विमा 'भरतो' म्हणजे तो त्याच्या खिशातून जातो असं नव्हे. मालक पाहतो तो एकूण खर्च. विमा महाग झाला की पगारवाढ कमी देतो. ते सव्वानऊ डॉलर मुळात कामगाराचेच आहेत, वेगळ्या पाकिटातले. उद्या सरकारी विमा आला तर काही काळात पगार वाढतील आणि एकूण खर्च तिथेच येऊन ठेपेल.

तुमचा हिशोब आउटसोर्सिंगचं कारण सांगत नाही. अमेरिकन कामगाराचा पगार इतकी वर्षं हलत का नाही, याचं कारण सांगतो. तोही मोठा विषय आहे, पण वेगळा.

खरा धक्का चीनचा. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० मध्ये अमेरिकेत कारखानदारीत सुमारे १ कोटी ७३ लाख नोकऱ्या होत्या, २०१० पर्यंत १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. त्यात मंदी आहे, यंत्रंही आहेत. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ च्या निबंधात जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करून दाखवलं की चिनी आयातीचा फटका जिथे बसला तिथली माणसं दुसरीकडे सहज सामावली गेली नाहीत. पुस्तकात आम्हाला शिकवलं होतं की सामावतात.

ओहायोकर

@अर्थेकर, "काही काळात" म्हणजे किती? प्लँट मॅनेजर यंदाच्या बजेटवर बसलेला असतो. विम्याचा हप्ता जानेवारीत वाढतो, पगार जानेवारीत खाली आणता येत नाही.

आणि २००५ मध्ये टोयोटाने नवा कारखाना ओंटारियोतल्या वुडस्टॉकला नेला. अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं जास्त सवलती द्यायला तयार होती, तरीही. शिकलेले कामगार आणि सरकारी आरोग्यसेवा, अशी कारणं तेव्हा तिकडच्या लोकांनी सांगितली. कॅनडाची मजुरी काही मेक्सिकोची नाही.

अर्थेकर

शिकलेले कामगार हे कारण तुम्हीच आधी लिहिलंत. :)

हिंजवडी फेज ३

तुम्ही सगळे कारखान्यात अडकलात. ज्या नोकऱ्या आमच्याकडे आल्या त्यांना हा विम्याचा हिशोब लागूच पडत नाही. दीड लाख डॉलरच्या प्रोग्रामरला १९ हजारांचा विमा म्हणजे पगाराच्या तेरा टक्के. तेवढ्यासाठी कोणी साडेनऊ तासांच्या अंतरावर काम पाठवत नाही.

आमच्याकडे काम का आलं ते सांगतो. आधी वायटूकेमुळे (सन २००० लागताना संगणकांतल्या तारखा चुकतील म्हणून करावी लागलेली दुरुस्ती) माणसं कमी पडली म्हणून. मग २००१ च्या सुमारास टेलिकॉम कंपन्या बुडाल्या आणि त्यांनी समुद्राखाली टाकून ठेवलेल्या तारा कवडीमोल झाल्या, म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुपया. २००० मध्ये डॉलर ४५ च्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या पुढे. आमचे पगार रुपयात वाढत गेले, तिकडच्या गिऱ्हाइकाला डॉलरात ती वाढ निम्मीच दिसली.

मी स्वतः २००९ मध्ये ऑनसाइट केटी घ्यायला गेलो होतो. (केटी म्हटलं की आमच्या कॉलेजात राहिलेला विषय आठवायचा. इथे केटी म्हणजे समोरच्याकडून त्याचं काम शिकून घ्यायचं.) समोर पंचावन्नच्या बाई. स्वच्छ हस्ताक्षरात तीन वह्या भरून ठेवल्या होत्या माझ्यासाठी. बारा आठवड्यांनी त्यांची नोकरी जाणार हे दोघांनाही माहीत होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी केक आणला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या महाग होत्या का? होत्या. माझ्या चौपट तरी. पण त्यांना जे येत होतं ते यायला मला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांचा खर्च कुणाच्याच तक्त्यात नव्हता.

जुना टूलरूमवाला

भोसरीत छत्तीस वर्षं डाय (सुट्या भागांना आकार देणारे साचे) बनवल्या. इंग्रजी निबंध वाचलेले नाहीत, चुकलो तर सांगा.

मजुरी मजुरी काय करताय? जर्मन कामगार अमेरिकनापेक्षा महाग आहे, मग जर्मनीत कारखाने कसे टिकले? कारण तिथे पोराला सोळाव्या-सतराव्या वर्षी यंत्रापाशी उभं करतात आणि तीन साडेतीन वर्षं शिकवतात.

आयफोनचं उदाहरण घ्या. २००९ च्या मॉडेलचा खर्च संशोधकांनी सुटा करून मांडला होता. सगळे मिळून १७९ डॉलर, त्यात चीनमधली जुळणी साडेसहा डॉलर. ती तिप्पट चौपट झाली असती तरी फोन विकला गेलाच असता. मग अमेरिकेत का नाही जुळवला? ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक २०१७ मध्ये म्हणाले होते की अमेरिकेत टूलिंग इंजिनियरांची (साचे आणि हत्यारं आखणाऱ्यांची) सभा बोलावली तर एक खोली भरेल की नाही शंका, चीनमध्ये फुटबॉलची मैदानं भरतील. टेक्सासात ऑस्टिनला ॲपलचा मॅक प्रो संगणक जुळवायला घेतला, तर खास स्क्रू मिळेनात. ज्या दुकानाला सांगितलं तिथे वीस माणसं, दिवसाला हजारच स्क्रू निघायचे. संगणकाचं काम स्क्रूपायी अडलं!

डाय घासताना बोटाला जे कळतं ते कळायला आठ-दहा वर्षं जातात. अमेरिकेने ती माणसं घरी बसवली, नवी घडवली नाहीत. आता परत बोलवायचं म्हटलं तरी बोलवणार कोणाला?

मिशिगनचे मामा

टूलरूमवाले, तुम्हाला नमस्कार. आमच्याकडेही शेवटचा डायमेकर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. तो निर्णय कागदावर 'बचत' म्हणून नोंदला गेला. त्या कागदावर सही माझीही होती.

पण ओहायोकरांना एक उलटं उदाहरण देतो, माझ्याच विरोधात जाणारं. जनरल इलेक्ट्रिकने २०१२ मध्ये पाणी तापवायचा जिओस्प्रिंग हीटर चीनमधून केंटकीतल्या लुइव्हिलला परत आणला. इथल्या इंजिनियरांनी आणि जोडारींनी एकत्र बसून तो नव्याने आखला. चीनमध्ये एका हीटरला दहा तास लागायचे, इथे दोन. दुकानातली किंमत १,५९९ वरून १,२९९ डॉलरवर आली. मजुरी महाग असूनही!

खवचट काकू

पुढचंही सांगा की मामा. नव्या कामगारांना तासाला साडेतेरा डॉलरच्या आसपास घेतलं होतं, जुन्यांपेक्षा कितीतरी कमी. आणि २०१६ मध्ये तो हीटर बंदच केला.

मिशिगनचे मामा

सांगणारच होतो. दम धरा.

ओहायोकर

बरंच शिकायला मिळालं. आयटीबाबत माघार घेतो, तिथे विमा हे कारण नव्हे. मेक्सिकोच्या तीन डॉलरपुढेही माझा हिशोब तोकडा पडतो, मान्य. पण कॅनडा, जर्मनी, जपान यांच्याशी तुलना करताना तो टिकतो असं अजूनही वाटतं, आणि अर्थेकरांचं 'दुसरं पाकीट' मला पुरतं पटलेलं नाही.

काल शेजाऱ्याला कागद दाखवला. त्याने चष्मा लावून सव्वानऊच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, विमा ठेव, त्यातले चार रोख दे." मग त्याची बायको आतून म्हणाली की मधुमेहाचं निदान त्याच वर्षी झालं होतं.

हिंजवडी फेज ३

सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोच्याच सिनेटरने परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक आणलं, आणि त्याच महिन्यात नव्या एचवनबी (परदेशी कुशल कामगारांचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क आलं. त्यावर कोणीच काही बोललं नाही? आमच्याकडे तर जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. माझा अंदाज, शुल्कामुळे माणूस तिकडे जायचा थांबेल आणि काम इकडे यायचं वाढेल. कराचं विधेयक पास झालं तर गोष्ट वेगळी.

अर्थेकर

त्यावर नवा धागा काढा. इथे आधीच चार विषय झालेत.