नार्कोलेप्सीमागे घशातला जिवाणू?

निशाचर
नार्कोलेप्सी म्हणजे नुसती झोपाळू प्रकृती नव्हे. जाग टिकवणारं ओरेक्झिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशीच मरतात. मग जेवताजेवता डोळा लागतो, खदखदून हसलं की गुडघे लुळे पडतात. या पेशी मारतं कोण? माझा संशय घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसवर (स्ट्रेप): त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या पेशींवर उलटत असावी. २००९ साली स्टॅनफर्डच्या गटाने २०० रुग्णांचं रक्त तपासलं. आजार सुरू होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांत एएसओ, म्हणजे स्ट्रेपविरुद्धची अँटिबॉडी, वाढलेलं. त्याच वयाच्या निरोगी लोकांत १९ टक्के. आपल्याकडे मात्र झोपेच्या तक्रारीत घशाचं कुणी विचारतही नाही.

भवानी_पेठ
एएसओ वाढलं म्हणजे स्ट्रेप येऊन गेला, एवढंच. शाळकरी पोरांत तो फिरतच असतो. स्ट्रेपनंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेले रुग्ण आपल्याकडे अजून दिसतात, इतका. मग नार्कोलेप्सी हजारो लोकांत एखाद्यालाच का?

निशाचर
कारण जनुकही लागतं. टाइप वनच्या, म्हणजे ओरेक्झिन संपलेल्या, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा एकच ठरावीक प्रकार सापडतो. तो असलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात, एकसारख्या जुळ्यांतही अनेकदा एकालाच आजार होतो. म्हणजे बाहेरची ठिणगी हवीच. आणि 'येऊन गेला' म्हणता, तर आजार जुना झालेल्यांत तेच प्रमाण २० टक्क्यांवर का उतरतं? योगायोगाला वेळ बरी साधता येते! त्याच रक्तात हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटातल्या जिवाणूच्या अँटिबॉडीही पाहिल्या होत्या, तिथे फरक नव्हता; म्हणजे सगळ्याच अँटिबॉडी सरसकट वाढलेल्या नव्हत्या.

सायली_त
ठिणगी मान्य, पण ती स्ट्रेपचीच कशावरून? एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूच्या साथीनंतर २०१० मध्ये बीजिंगला नवे रुग्ण तिपटीच्या घरात गेले, बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. उलट फिनलंड-स्वीडनमध्ये त्याच फ्लूवरच्या पँडेमरिक्स लशीनंतर मुलांत आजार वाढला. त्या लशीत स्ट्रेप कुठून आला?

निशाचर
सायलीताई, बीजिंगमध्ये साथ नसलेल्या वर्षांतही वसंतात रुग्ण वाढायचे. हिवाळ्यात घसे धरतात, पुढे काही महिन्यांनी हे.

भवानी_पेठ
हिवाळ्यात फ्लू नसतो वाटतं? २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तात थेट ओरेक्झिनवर धावून जाणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, मिळाल्या. फ्लूच्या प्रथिनांना त्या ओळखत नव्हत्या. म्हणजे फ्लूचासुद्धा दुवा तिथे जुळला नाही, तर स्ट्रेपचं कोणतं प्रथिन त्यांना चिथावतं ते आधी दाखवा. तोवर हे वाचून कुणी मेडिकलमधून पोराला अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक आणून देईल, ही माझी खरी भीती. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत.

निशाचर
गोळ्या द्या असं मी लिहिलंय कुठे? नवा रुग्ण आला की लगेच एएसओ काढा, एवढंच म्हणतोय.

सायली_त
आणि वाढलेलं निघालं तर? उपचार तेच ना, जागं ठेवणारं मोडाफिनिल आणि दुपारची ठरलेली डुलकी. रुग्णाच्या खिशाला उगाच आणखी एक तपासणी.

निशाचर
उपचारासाठी नाहीच, नोंदीसाठी. या आजाराचं निदान व्हायलाच कित्येक वर्षं जातात. तोवर एएसओ खाली आलेलं असतं, आणि मग भवानी_पेठ विचारणार, पुरावा कुठाय?